बंडूजींचा चिमटा

पुस्तकांना भोकं पडत होती. आधी वाटलं, कसर लागली. मग वाटलं, उंदीर. पण उंदीर काही इतका टापटिपीचा नसतो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढं गोल भोक पाडायचं आणि बाकी पुस्तकाला तोंडही लावायचं नाही, हे उंदराचं काम नव्हे. हे कोणातरी माणसाचं काम होतं, आणि तो माणूस सापडला की त्याची चांगली हजेरी घ्यायची, असं मी ठरवून टाकलं.

मी बोरझरीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव डांबरी रस्त्याच्या टोकाला आहे. रस्ता आमच्या पारापाशी संपतो आणि पुढे कपाशी सुरू होते. मी गावातच खोली घेऊन राहते, याची काळजी माझ्यापेक्षा माझ्या मावश्यांना जास्त. शाळा चौथीपर्यंत. पुस्तकं होती, नाही असं नाही, पण ती कपाटात, आणि कपाटाची किल्ली हेडसरांच्या खिशात.

"म्याडम, पोट्टे फाडतात. फाडल्यावर जबाबदारी कोणाची?" सर म्हणायचे.

"आणि न वाचताच वाळवी लागली तर ती कोणाची?"

यावर सर खडू घेऊन फळ्यावर सुविचार लिहायला लागत. वाचनाचं महत्त्व, बहुतेक वेळा.

शेवटी मी आणि आसपासच्या गावांतल्या दोघी-तिघी शिक्षिकांनी मिळून एक फिरती पेटी काढली. पत्र्याची पेटी, आत गोष्टीची पुस्तकं. महिनाभर एका शाळेत, मग पुढच्या गावी. नेण्या-आणण्याचं काम एसटीच्या मुक्कामी गाडीनं पत्करलं. ही गाडी संध्याकाळी समुद्रपूरहून गावं घेत घेत यायची, रात्रभर आमच्या पाराजवळ उभी राहायची आणि उजाडता उजाडता परत निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच पथारी टाकायचे. ड्रायव्हर धर्मेंद्र, आणि कंडक्टर आमचे बंडूजी.

बंडूजी म्हणजे उंच, किडकिडीत माणूस. खाकी शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं. बोलायला संकोची, पण गावाचं नाव पुकारलं की मागच्या बाकावर घोरणारी म्हातारी आपसूक पिशवी सावरून उठायची. तिकिटाचं मशीन येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा त्यांच्या खिशात असायचाच. तो त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेला. गर्दी झाली की दांड्यावर टकटक वाजवत ते म्हणायचे, "सरका जी, पुढं सरका." एवढं सगळं डोळ्यांसमोर असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याला काय म्हणावं?

एका संध्याकाळी पारावर एकही पोर दिसेना. एरवी त्या वेळी तिथे कानठळ्या बसतात. मी शोधत गेले तर गाडीतून हसण्याचा आवाज. पायरीवर चढून पाहिलं. गाडीतला दिवा लावलेला. माझे झाडून सगळे विद्यार्थी बाकांवर दाटीवाटीनं बसलेले. धर्मेंद्र स्टेअरिंगशी लसूण सोलत बसलेला. आणि मधल्या वाटेत, दांड्याला पाठ टेकून, बंडूजी पुस्तक वाचत होते. निळ्या शेळीची गोष्ट होती. एका निळ्या शेळीला आपलं घर सापडत नाही, म्हणून ती दारोदार जाऊन विचारते, "हे माझं घर आहे का हो?" प्रत्येक दाराला बंडूजी वेगळा आवाज काढत होते. कुठे खेकसणारा, कुठे गोड बोलून हाकलणारा. संकोची बंडूजी ते हेच, हे मला खरं वाटेना.

वाचता वाचता ते थांबले. म्हणाले, "चला, आजचा थांबा आला." आणि खिशातून चिमटा काढून पानाच्या कोपऱ्यावर... टक.

"बंडूजी!"

पोरं एका जागी गोठली. राग आला की माझी पुस्तकी भाषा पळून जाते आणि घरची बाहेर येते. "हे काऊन टोचलं तुम्ही? पुस्तक आहे का तिकीट आहे हे?"

त्यांनी चिमटा पाठीमागे लपवला, माझ्या दुसरीच्या वर्गातल्या पोरासारखा. "सवय पडली जी, म्याडम. प्याशिंजर जथी उतरते, तथी तिकिटाले टोचाचं. आता जथी वाचणं थांबलं..."

"म्याडम, आमी उद्या तथूनच चढतो," एक मुलगी चाचरत म्हणाली.

चौकशी केली तेव्हा कळलं ते असं. पहिल्यांदा पेटी आली तेव्हा शाळा बंद झालेली, म्हणून ती रात्रभर गाडीतच राहिली. पोरं गाडीत लपाछपी खेळायला आली, बंडूजींनी पेटी उघडून एक पुस्तक काढलं, आणि गोष्टींची गाडी सुरू झाली. त्यानंतर ज्याला पुस्तक मिळे तो संध्याकाळी ते घेऊन बंडूजींकडे. त्यांची पाळी दिवसाआड असायची. मधल्या दिवशी पोरं भोक शोधून तिथून पुढे स्वतःच वाचून ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी बंडूजींना ऐटीत सांगत, "तुमी मागं राह्यले, आमी पुढच्या गावाले गेलतो." ज्या पोरांना मी हात जोडून वाचायला बसवत होते, ती पोरं. माझी हजेरी घेण्याची तयारी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बंडूजी माझ्या ओट्यावर हजर. हातात नोट. "पुस्तकाचे घ्या, म्याडम."

मी नोट परत केली आणि चहा टाकला. त्यांचं गाडीकडे लक्ष होतं, तरी ते बसले. कप दोन्ही हातांत धरून, खाली पाहत म्हणाले, "भोकाची सवय तिकिटाची नाई जी. खोटं बोललो मी काल."

आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते.

"माही सुरभी दुसरीत होती. मले तवाही मुक्कामी ड्यूटी. मी घरी आलो का ते शाळेत, ते शाळेतून आली का मी गाडीवर. हप्त्यात एखाद रात्री घरी यावं, तर हिची माय दारातच म्हणे, 'आत्ताच डोळा लागला तिचा.' शाळेतून गोष्टीचं पुस्तक आणे ते. बाबा येईल, वाचून दाखवीन, म्हणून धरून बसे. मी येवोस्तोर झोपून जाये, पुस्तक छातीवर उघडं. एक डाव मी ते पुस्तक मिटून बाजूले ठेवलं. सकाळी रडली. म्हणे, माहं पान हरपलं. मले वाटलं, आता हिचं पान हरपू द्याचं नाई. पुढच्या डावी त्या पानाले चिमट्यानं टोचलं. म्हटलं, सकाळी सुरभी पाहीन तं तिले समजन, बाबा आलता, अन् तथूनच पुढे वाचीन."

"मग?"

"शाळेत मार बसला न तिले. पुस्तक खराब केलं म्हणून. वर्गाबाहेर उभी केली. घरी आली तं मले म्हणे, 'बाबा, माह्या पुस्तकाले हात नोका लावू.' बस. मंग तिनं वाट पाह्यनं सोडलं."

गाडीचा भोंगा वाजला. धर्मेंद्रला उशीर सोसत नाही. बंडूजी उठले, कप स्वतः विसळून पालथा ठेवला, आणि जाता जाता म्हणाले, "तुमच्या पोट्ट्यायनं भोक पाह्यलं अन् पुढचं वाचलं, म्याडम. मले लय बरं वाटलं." मला मात्र त्या न पाहिलेल्या, वर्गाबाहेर उभ्या असलेल्या मुलीचं इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी मी कोणावर ओरडले नाही. पोरांनी मला बरं नाही का, असंही विचारलं.

सुरभी आता सुरतेला असते. नवरा तिकडे कारखान्यात. एक चिमुरडी मुलगी आहे. फोन येतो तेव्हा "बाबा, जेवले का?" "जेवलो." "आईजवळ द्या." बापलेकीचं सगळं बोलणं एका तिकिटावर मावेल एवढंच, हे बंडूजींनीच मला सांगितलं होतं, हसत हसत. हसणं काही खरं नव्हतं.

मी भोकांबद्दल पुन्हा बोलले नाही. हेडसरांना सांगितलं, कसर आहे, डांबरगोळ्या टाकल्यात. 

मग मुक्कामी गाडी बंद झाली. प्रवासी नाहीत म्हणाले. सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी राहिली, ती येते आणि उलट पावली जाते. त्याच सुमारास बंडूजीही निवृत्त झाले. पेटी आता मी स्कूटीवर नेते, पायांत धरून. पण संध्याकाळी पाराजवळची ती मोकळी जागा पाहवत नसे. गाडी रात्रभर उभी राहून तिथे गवत उगवत नसे, ते उगवायला लागलं. पोरं मोठ्यानं वाचत, बंडूजींसारखे आवाज काढत, पण वाचणं थांबलं की हात कुठेतरी काहीतरी शोधत. कोणी पेन्सिलीनं गोल काढी. एकानं करकटक वापरलं, त्याचा मी कान धरला आणि लगेच सोडलाही.

या वर्षी शाळेत वाचन उत्सव करायचा ठरला. ग्रंथदिंडी, लेझीम, पाहुण्यांचं भाषण, असं सगळं हेडसरांनी योजलं. मी म्हटलं, एक गोष्ट माझ्या मनाची होऊ द्या. व्हरांड्यात बाकं दोन रांगांत मांडू, मधे वाट ठेवू आणि त्याची गाडी करू. ज्याला गोष्ट ऐकायची त्यानं चढायचं. पोरांनी पुठ्ठ्याची पाटी रंगवली: "बोरझरी ते गोष्ट, मार्गे निळी शेळी." आता कंडक्टर कोण, हे वेगळं सांगायला नको.

मी समुद्रपूरला बंडूजींच्या घरी गेले. ओट्यावर बसले होते. पांढरा सदरा, पण गळ्याचं बटण लावलेलं. निमंत्रण ऐकून चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"शनिवारी? शनिवारी तं सुरभी येऊन राह्यली. पोरीले घेऊन. लय दिवसांनी येऊन राह्यली जी. मी घरी पाह्यजे."

आतून त्यांची बायको अन्नपूर्णाबाई पाणी घेऊन आल्या. बाई सरळ बोलणाऱ्या. "घरी राहून तरी काय करता? ते येते अन् माह्यासंगच बोलत बसते. तुमी तिकडे कोपऱ्यात पेपर धरून बसता. त्यापेक्षा जा, पोट्ट्यायले तरी गोष्ट सांगा."

बंडूजींनी नुसती मान डोलावली. मला बाईंचा राग आला, पण त्यांनी खोटं काय सांगितलं होतं?

शनिवारी सकाळची शाळा. सकाळच्या फेरीनं बंडूजी उतरले, खाकी गणवेशात. पोरांनी दिंडी सोडून त्यांच्याकडे धाव घेतली. पालखीला खांदा द्यायला कोणी उरेना, तेव्हा हेडसरांनी आणि मी ती धरली. पालखी दारात आल्यावर शाळेशेजारच्या देवकाबाईंनी रिवाजाप्रमाणे पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घातलं, सरांचे नवे बूट भिजले, आणि मला त्या दिवशीचा पहिला आनंद झाला. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कपाट उघडं होतं. किल्ली सरांनी स्वतः लावली, कोणाकडे न पाहता.

मग बंडूजी व्हरांड्यातल्या गाडीत उभे राहिले. "चला जी, पुढं सरका!" आणि निळी शेळी निघाली. पोरांना ती गोष्ट पाठ होती, तरी प्रत्येक दाराशी ती श्वास धरून बसत. गावातल्या बाया कुंपणाशी उभ्या राहून ऐकत होत्या. शेळी शेवटच्या दाराशी आली आणि बंडूजी थांबले. थांबा आला होता.

"टोचा! टोचा!" पोरं ओरडली.

त्यांनी चिमटा काढला आणि एकदम हेडसरांकडे पाहिलं. आम्हा सगळ्यांनीच पाहिलं. सरांना आज कसर कुठून येत होती ते कळलं असावं. ते माझ्याकडे रोखून बघत राहिले, मग म्हणाले, "टोचा. पण एकच."

टक. व्हरांडा टाळ्यांनी दणाणला. बंडूजींचे डोळे पाण्यानं भरले होते. पण ते पोरांकडे बघत नव्हते. फाटकाकडे, रस्त्याकडे बघत होते. सुरतेहून आलेली लेक एव्हाना घरी पोचली असेल, हे त्यांच्या मनातलं मला कोणी न सांगता कळलं.

शाल-नारळाऐवजी आम्ही त्यांना तेच पुस्तक दिलं. मी म्हटलं, चला, स्कूटीवर सोडते. वाटभर ते पुस्तक छातीशी धरून मागे बसले होते. एकदाच बोलले. "म्याडम, नातीले मराठी समजते का, कोण जाणे."

घरी जेवणं आटोपली होती. सुरभी मधल्या खोलीत मेथी निवडत बसली होती. बापासारखीच उंच. मला बघून उठली, चहा ठेवू का म्हणाली. बापाला म्हणाली, "बाबा, जेवले का?" बंडूजी म्हणाले, "जेवलो." झालं. मला तर वाटलं, आता पुढे "आईजवळ द्या" येतं की काय.

तेवढ्यात नातीनं आजोबांच्या हातचं पुस्तक ओढलं आणि आईच्या मांडीवर नेऊन उघडलं. निळी शेळी बघून ती हसली. सुरभी पान उलटत होती आणि तिचा हात थांबला. कोपऱ्यातल्या भोकात तिनं करंगळीचं नख घातलं. मग दुसरं पान, दुसरं भोक. मेथीची जुडी तशीच राहिली.

तिनं बापाकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "म्याडम, हे भोकं... कोणाले मार बसला काय?"

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या बाबांचं वाचणं जिथे थांबतं तिथे ते भोक पाडतात. पोरं ते शोधतात आणि तिथून पुढे वाचतात."

"तथून पुढे," ती म्हणाली. बराच वेळ तिनं ते भोक बोटानं चाचपलं. मग पुस्तक मुलीच्या हातात देऊन म्हणाली, "जा, आजोबाले म्हण, वाचून दाखवा."

बंडूजींनी चष्मा लावला. नात मांडीवर बसली. सुरुवातीला आवाज दबका होता, लेकीसमोर लाजल्यासारखा. पण दुसऱ्या दाराशी शेळी आली आणि खेकसणारा म्हातारा आला, नात खिदळली, तसा आवाज मोकळा झाला. सुरभी मेथी निवडत होती. निवडत कसली, तीच तीच काडी हातात फिरवत होती. बंडूजी दर पानाला डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघून घेत.

प्रवासानं थकलेली पोर ती. शेवटच्या दाराच्या आधीच तिची मान कलंडली. अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या, तोंडाशी बोट नेऊन हळूच म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागला तिचा."

बंडूजींचा आवाज मधेच तुटला. सुरभीच्या लहानपणी हे वाक्य त्यांनी दारात किती वेळा ऐकलं असेल! त्यांनी नातीच्या कपाळावरचे केस मागे केले, खिशाकडे गेलेला हात तसाच परत आणला, आणि पुस्तक मिटायला घेतलं.

"मंग?" सुरभीनं विचारलं. मान खालीच. "शेवटच्या दारात काय झालं?"

"झोपली न ते," बंडूजी म्हणाले.

सुरभीनं मेथीचं ताट बाजूला सारलं. सरकत सरकत बापाच्या गुडघ्याशी येऊन बसली.

"मी जागी आहो न, बाबा."